देवडीतला निरोप

१

यज्ञेश्वरपंतांना घराबाहेर पडायला फार वेळ लागायचा. चपला घालायला नव्हे, निरोप घ्यायला. शाळेला निघाले की आधी देवघराकडे वळून "येतो", मग स्वयंपाकघराच्या दारात थांबून सरोजिनीबाईंना "येतो हं", मग फाटकापाशी शेजारचे कुणी झाडांना पाणी घालत असले तर त्यांनाही. सावेडीत तेव्हा घरं विरळ होती म्हणून बरं, नाहीतर हे गृहस्थ संस्कृतच्या पहिल्या तासाला कधी पोचलेच नसते. किराणा दुकानातून नुसती जिऱ्याची पुडी घेतली तरी दुकानदाराचा निरोप घेणार. एकदा दाढ काढून घ्यायला गेले, तोंडात कापसाचा बोळा, डोळ्यांत पाणी, तरी दाताच्या डॉक्टरला "येतो" म्हटल्याशिवाय पायरी उतरले नाहीत.

"अहो, डॉक्टरला येतो म्हणू नये," सरोजिनीबाई रस्त्यात म्हणाल्या.

"मग काय, जातो म्हणू?" पंत बोळ्याआडून म्हणाले. निरोपाला "जातो" म्हणणं त्यांच्या कानाला शिवीसारखं लागे. त्यांच्या आईनं लहानपणी या एका शब्दासाठी त्यांच्या तोंडावर चापट मारली होती म्हणे.

सरोजिनीबाईंचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्या चौथीच्या वर्गाला शिकवत आणि सगळ्या जगाला चौथीतलंच समजत. दूध बोटावर घेऊन बघायचं, भाजीवालीचा तराजू रिकामा धरायला लावायचा, पोट दुखतं म्हणणाऱ्या पोराचं पोट दाबून बघायचं. बघितल्याशिवाय त्या कशावर विश्वास ठेवत नसत, आणि बघितल्यावरही लगेच ठेवत नसत.

मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच. त्यामुळे एकाहत्तर सालच्या श्रावणात पंतांना कावीळ झाली आणि ती उतरेना, तेव्हा सरोजिनीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टर त्यांच्याकडे न बघता बोलायला लागले होते. दवाखान्यातून एकटीनं घरी यायचं, कुलूप काढायचं आणि आत कुणी नाही, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. देवाकडे त्यांनी एवढंच मागितलं, की घरी जाताना हा माणूस माझ्याबरोबर असू दे. देवानं ऐकलं. दसऱ्यापर्यंत पंत उठून बसले, दिवाळीला अंगणात आले. डॉक्टर म्हणाले, आता हवापालट करा.

आप्पासाहेब म्हणून पंतांचे शाळेपासूनचे स्नेही होते. त्यांनी भंडारदऱ्याच्या तलावाकाठी हौसेनं एक बंगली बांधली होती आणि वर्षातून दोनदासुद्धा तिकडे जात नव्हते. त्यांनी किल्ली दिली. दिवाळीच्या सुट्टीत दोघं एस्टीत बसले. राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर. पंत प्रत्येक स्टँडवर खाली उतरून चहावाल्याचा निरोप घेत होते. सरोजिनीबाईंच्या मांडीवर उकळून गार केलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या होता, आणि त्यातल्याखेरीज दुसरं पाणी पंतांच्या ओठाला लागू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

२

बंगली लहान होती. एक स्वयंपाकघर, एक मधली खोली आणि पाण्याकडे तोंड केलेली पडवी. दिवसभर पाण्याचा उजेड छतावर हलत असे. पडवीच्या पायऱ्यांना पाणी हलकेच थापा मारत राही. समोर, तलावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायाशी एक जुना दगडी कोट दिसायचा, आणि त्याच्याही मागे, खूप लांब, रतनगडाचा माथा. रतनगडाची चढण पंतांना झेपणारी नव्हती. कोट मात्र त्यांनी पहिल्याच सकाळी हेरून ठेवला. नगरचा भुईकोट जन्मभर बाहेरूनच पाहिलेला माणूस तो. तटबंदी दिसली की त्यांना राहवत नसे.

बंगलीची देखभाल राहीबाईकडे होती. पन्नाशीची विधवा, मागच्या खोपट्यात राहायची. भात झोडून झाला की बंगलीत येऊन स्वयंपाक करायची, भांडी लख्ख ठेवायची, कमी बोलायची. तिच्यात खोट काढायला सरोजिनीबाईंना काही सापडेना. पहिल्या संध्याकाळी मात्र ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जाते बाई मी."

सरोजिनीबाईंच्या हातातला चमचा थांबला. "येते म्हणावं गं."

राहीबाई नुसती हसली आणि दार लोटून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा दीर छगन जळण घेऊन आला. छगनची होडी होती. तो लोकांना पलीकडे न्यायचा-आणायचा. मोळी टाकली, पंतांशी दोन शब्द बोलला आणि निघताना म्हणाला, "जातो गुर्जी." पंतांनी कसनुसं तोंड केलं आणि त्याच्या वाटचं "येतो" स्वतःच पुटपुटले.

डोंगरातली माणसं, रीतभात वेगळी असेल, असं म्हणून सरोजिनीबाईंनी ते सोडूनही दिलं असतं. पण राजूरच्या बाजाराला त्या राहीबाईबरोबर गेल्या. तिथं राहीबाईला तिची चुलतबहीण साळूबाई भेटली. दोघी मिरच्यांच्या ढिगापाशी उभ्या राहून पोटभर बोलल्या आणि निघताना राहीबाई अगदी स्पष्ट म्हणाली, "बरं, येते गं बाई."

म्हणजे शब्द हिला येत होता. फक्त तलावाकाठी येत नव्हता.

सरोजिनीबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. परत येऊन त्यांनी आप्पासाहेबांची भांडी बघितली, कपाटाची कुलपं बघितली, स्वतःची बॅग उपसून परत भरली. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं त्यांचा संशय कमी झाला नाही. उलट, त्याला बसायला जागा मिळेना म्हणून तो घरभर फिरत राहिला.

३

दोन दिवसांनी छगन त्यांना पलीकडे घेऊन गेला. भर दुपारचं स्वच्छ ऊन होतं. वल्ह्याचा आवाज सोडला तर तलाव गप्प होता. काठाला होडी लावून छगन त्यांच्याबरोबर दरवाजापर्यंत चढून आला आणि तिथं पायरीवरच बसला.

"तू नाही येत आत?" पंतांनी विचारलं.

"मी काय रोजच बघतो," छगन म्हणाला. पण तो कोटाकडे पाठ करून बसला होता, हे सरोजिनीबाईंनी टिपून ठेवलं.

दरवाजाची कमान शाबूत होती. तिच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांसाठी देवड्या होत्या, पुढून उघड्या अशा ठेंगण्या दगडी खोल्या. डावीकडची देवडी दगडमातीनं भरून गेलेली. उजवीकडची स्वच्छ होती. नुसती रिकामी नव्हे, झाडलेली. शेळ्यांच्या लेंड्या नाहीत, वटवाघळांचा वास नाही, कोपऱ्यात कोळिष्टक नाही. ओसाड कोटात येऊन कोण झाडतं, असा प्रश्न सरोजिनीबाईंना पडला आणि त्यांनी मागे वळून छगनच्या पाठीकडे बघितलं.

आत गवत होतं, पडक्या भिंती होत्या, एक पाण्याचं टाकं होतं. थोडं हिंडल्यावर पंत दमले. "तू टाकं बघून ये, मी दरवाजाशी सावलीत बसतो," ते म्हणाले. सरोजिनीबाई टाक्यावर गेल्या, वाकून बघितलं, पाण्यावर हिरवा थर होता. त्या लगेच फिरल्या. पंत उजव्या देवडीच्या कट्ट्यावर बसले होते आणि त्यांच्या मिशीवरून पाण्याचे थेंब गळत होते.

उकळल्या पाण्याचा तांब्या तर सरोजिनीबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत होता.

"पाणी कुठलं प्यालात?"

"दिलं यांनी," पंत देवडीकडे मान करून म्हणाले. "काय गार आहे म्हणून सांगू. वाळ्याचं असावं."

सरोजिनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने पाणी उकळून घालायचं आणि कुणी ऐरागैरा येऊन तांब्या पुढे करणार. आता हा मनुष्य बाहेर येऊन हात पसरणार, आणि छगनचा त्यात वाटा असणार, हे त्यांना लख्ख दिसलं. "चला," त्या म्हणाल्या, "आधी खाली चला."

छगन उठला, दरवाजाकडे तोंड केलं, मोठ्यानं म्हणाला, "जातो आमी." आणि होडीचा दोर सोडायला झपाझप खाली उतरला. सरोजिनीबाईंनी पंतांचा दंड धरला. पण पंतांना असं निघता कुठलं येतंय. त्यांनी दंड सोडवून घेतला, मागे वळले, किंचित खाकरले आणि देवडीपुढे वाकून म्हणाले, "बराय, येतो हं. फार उपकार झाले."

आतून आवाज आला, "या."

घरी आलेल्या पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवताना आपण म्हणतो ना, तसं. सौम्य, घरगुती. सरोजिनीबाईंनी वाकून आत बघितलं. झाडलेली फरसबंदी, मागची भिंत. कुणी नव्हतं. पण बाहेर ऊन होतं आणि आत अंधार, आणि उन्हातून अंधारात बघितलं की माणसाला काही दिसत नाही, हे त्या दरवर्षी चौथीला शिकवत होत्या.

होडी मध्यावर आली तेव्हा छगननं वल्हं थांबवून विचारलं, "गुर्जी निघताना काय म्हनले, बाई?"

पंत पाण्यात बोटं सोडून बसले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. सरोजिनीबाईंनी छगनला नीट न्याहाळलं. याला कशाला हव्यात चौकशा? आपला माणूस आत बसवलाय तो यांना दिसला की काय, हेच बघतोय हा. आपण काही ओळखलंय हे त्याला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

"जातो म्हणाले," त्यांनी सांगितलं.

"मंग बरं," छगन म्हणाला आणि वल्हं मारू लागला.

४

त्यानंतर पंत झपाट्यानं सुधारले, हे मान्य करायला हवं. भाकरी मागून खायला लागले. गालांवर रंग आला. सरोजिनीबाई खरं तर हरखायच्या, पण त्यांना तेही संशयास्पद वाटलं. त्यांनी पंतांचे डोळे उजेडात खाली ओढून बघितले. पिवळेपणा कुठंच नव्हता.

एक गोष्ट मात्र नवीन होती. पंत सकाळीच अंघोळ उरकून अंगात कोट चढवत, टोपी घालत, काठी घेत आणि पडवीतल्या वेताच्या खुर्चीवर पाण्याकडे तोंड करून बसत.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. तयार असावं आपलं," ते म्हणत.

एका दुपारी पंत मधल्या खोलीत झोपले होते. सरोजिनीबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पडवीतून त्यांना पंतांचं बोलणं ऐकू आलं. आधी ते किंचित खाकरणं, मग अदबीचा सूर: "हो हो, येतो ना. म्हणालोय तर येणारच. जरा हिचं आवरू दे."

कधी उठले हे, म्हणून त्या ताट बाजूला ठेवून उठल्या. पडवीत जायला मधल्या खोलीतूनच वाट होती. खोलीत पंत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पांघरूण श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

"छे छे," पडवीतून पंतांचा आवाज म्हणाला, "ती नाही. मी एकटाच."

सरोजिनीबाई दोन दारांच्या मध्ये उभ्या राहिल्या. पाण्यावरून आवाज लांबून येतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. कुणीतरी कोळी असेल, आवाजात साम्य असतं. झोपेत माणूस बोलतो आणि ते भिंतीवरून फिरून येतं, असंही असेल. त्यांनी पुढे होऊन पंतांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोमट होतं. तोंड मिटलेलं होतं.

"काय गं?" पंतांनी डोळे उघडले, आणि त्याच क्षणी पडवीतला आवाज बंद झाला.

"काही नाही, झोपा." त्या पडवीच्या दारात गेल्या. पडवी रिकामी होती. वेताची खुर्ची मात्र कुरकुरत होती, कुणी नुकतंच उठून गेल्यावर वेत जसा हळूहळू जागेवर येतो तशी. ती कुरकुर थांबेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पुढे जाऊन हात लावून बघावंसं वाटलं नाही.

५

संध्याकाळी राहीबाई मागच्या अंगणात भात पाखडत होती. सरोजिनीबाई तिच्यापुढे जाऊन बसल्या.

"राहीबाई, तुम्ही इथं जाते का म्हणता?"

"आमच्यात तसंच म्हनत्यात."

"राजूरला तर येते म्हणालात. मी ऐकलंय."

राहीबाईचं सूप थांबलं. "राजूरला मानसं ऱ्हात्यात, बाई," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "गुर्जी तिथं काय म्हनले? खरं सांगा. छगनला तुमी काय सांगितलं ते ठावं हाय मला."

सरोजिनीबाईंना खोटं पकडायची सवय होती, पकडलं जायची नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. "येतो म्हणाले," त्यांनी सांगितलं. "आणि आतून कुणीतरी या म्हणालं."

राहीबाईनं मान वर केली. पडवीत पंत कोट-टोपी घालून बसले होते, उघड्या दारांतून त्यांची पाठ तिला इथून दिसत होती. ती त्या पाठीकडे बघत होती.

"उद्याच्या येस्टीनं जावा," शेवटी ती म्हणाली. "हाये तेवढं मानूस घरला न्या."

"हाय तेवढं म्हणजे काय?"

"मला काय ठावं, बाई. आमी नुसतं म्हनायचं ते म्हनतो. माझी सासूबी म्हनायची. कुनी इचारलं न्हाई कधी." तिनं सूप परत उचललं, पण हाताला ती लय काही परत आली नाही, आणि निम्मा भात बाहेरच पडत होता.

"म्हणजे तुमचा दीर आत कुणाला बसवत नाही?"

राहीबाईनं असं बघितलं की सरोजिनीबाईंना स्वतःच्या प्रश्नाची लाज वाटली. तो प्रश्न खरा असता तर किती बरं झालं असतं, असंही त्यांना वाटलं. लबाड माणसांशी त्यांना लढता येत होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सामान बांधलं. पंत खाटेवर बसून बघत होते.

"आधी एकदा पलीकडे जायला हवं," ते म्हणाले.

"काही नको. आपण घरी चाललोय."

"अगं, शब्द दिलाय मी. असं न सांगता निघून गेलेलं बरं दिसतं का?" ते हट्टानं बोलत नव्हते, लग्नाच्या बोलावण्याला न गेल्यावर बोलावं तसं, कानकोंडं होऊन बोलत होते. "तू पुढं हो वाटल्यास. मी येतोच मागनं."

सरोजिनीबाईंनी पिशवी खाली टाकली आणि त्या रडायला लागल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती कशाची हे सांगता येत नव्हतं. पंत गडबडून गेले, जवळ आले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. तो हात हलका होता. आजारातही इतका हलका नव्हता. हाये तेवढं मानूस, हे शब्द त्यांच्या मनात आले, आणि त्यांना वाटलं, तेवढं नको. मला सगळा पाहिजे.

मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. पोरानं वाक्य चुकीचं लिहिलं तर आपण काय करतो? त्याच पानावर, त्याच जागी, ते खोडून बरोबर लिहायला लावतो. हे राहीबाईनं सांगितलं नव्हतं, छगननं सांगितलं नव्हतं. ही सरोजिनीबाईंची स्वतःची अक्कल.

"जाऊ या," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "पण तिथं गेल्यावर जातो म्हणायचं."

"जातो?" पंतांचा चेहरा पडला.

"म्हणून बघा आत्ता."

पंतांनी ओठ जुळवले. खाकरले. "ये..." ते म्हणाले आणि ओशाळून थांबले. "नाही गं निघत तोंडातून."

"जा. तो. दोनच तर अक्षरं आहेत."

"जा..." पंतांना घाम फुटला. पन्नास वर्षांच्या माणसाला आईची चापट आठवत होती की काय कोण जाणे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्या परिस्थितीतही दोघांना हसू आलं. आजारपणानंतर ती दोघं एकत्र हसली ती तेव्हाच.

७

छगननं नाही म्हटलं नाही, पण तो सरोजिनीबाईंकडे बघतही नव्हता. राहीबाईनं त्याला सगळं सांगितलं असावं. दुपार टळटळीत होती. काठाला लागल्यावर तो होडीतच बसून राहिला.

पंतांना चढायला त्रास झाला. दर दोन पायऱ्यांवर ते थांबत होते, पावलानं पुढची पायरी चाचपत होते. दरवाजात पोचल्यावर सरोजिनीबाईंनी त्यांच्या कोटाचा मागचा घोळ मुठीत धरला.

"इथूनच म्हणा."

"असं बाहेरून ओरडून सांगायचं? बरं दिसत नाही ते," पंत म्हणाले, आणि मान वाकवून देवडीत शिरले. कोटाचा घोळ मुठीतून निसटला. सरोजिनीबाईंनी परत हात घातला तर बोटांना नुसता गारवा लागला.

आत हळू आवाजात काही बोलणं झालं. शब्द कळत नव्हते. पंत खाकरल्याचं ऐकू आलं. मग थोडा वेळ काहीच नाही. सरोजिनीबाई आत जायला वाकणार तोच पंत बाहेर आले. तशीच टोपी, तोच कोट. त्यांनी देवडीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "जातो."

हजेरीला पोरं "हजर" म्हणतात तसं. ना अडखळले, ना खाकरले.

आतून उत्तर आलं नाही. सरोजिनीबाईंना हायसं वाटलं. झालं. वाक्य सुधारलं. त्यांनी पंतांचा हात धरला आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. हात चांगला जड होता. पंत न थांबता उतरत होते, इतके की सरोजिनीबाईंनाच त्यांच्या पावलाला पाऊल मिळवावं लागत होतं. होडीत ते आधार न घेता चढले आणि फळीवर बसले. सरोजिनीबाई त्यांच्या शेजारी, कोटाकडे पाठ करून बसल्या.

छगननं दोर सोडला, वल्हं उचललं, आणि वर कमानीत कुणीतरी किंचित खाकरलं.

"अगं, थांब जरा. येतो हं."

आवाज दमलेला होता. धाप लागलेली, आजारातून उठलेली. वीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारात ऐकलेला आवाज होता तो.

छगननं मान वर करून सरोजिनीबाईंच्या खांद्यावरून कोटाकडे बघितलं. तो बघतच राहिला. मग त्यानं होडीत बसलेल्या पंतांकडे बघितलं, आणि परत वर. त्याच्या हातातल्या वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं.

शेजारी बसलेल्या पंतांनी वळून बघितलं नाही. अशी हाक आली तर कुणीही वळून बघेल, कोण आहे म्हणून तरी बघेल. ते समोरच्या काठाकडे बघत बसले होते.

वरून पावलं वाजायला लागली. सावकाश, थांबत थांबत, एकेक पायरी चाचपत.

मान जरा वळवली असती तर कळलं असतं. सगळा जन्म सरोजिनीबाईंनी दुसरं काय केलं होतं? पण मान वळवून वर कुणी दिसलं, तर शेजारी कोण आहे ते विचारावं लागणार होतं. आणि कुणीच दिसलं नाही, तर त्या आवाजाला तिथंच सोडून जावं लागणार होतं. त्यांना सावेडीच्या घराचं कुलूप दिसलं. किल्ली त्यांच्या कमरेला होती. ते कुलूप आपण एकटीनं काढायचं नाही, एवढं एकच त्यांना त्या वेळी पक्कं ठाऊक होतं, आणि शेजारचा हात हातात होता.

"होडी सोड, छगन," त्या म्हणाल्या.

"बाई, पर वर गुर्जी..."

"गुर्जी इथं आहेत. सोड म्हणते ना."

छगननं वल्हं काठाला टेकवून जोर दिला. होडी सुटली. मागे पावलं पाण्याच्या कडेला येऊन थांबली. "अगं," आवाज पुन्हा म्हणाला. त्यात राग नव्हता. आपल्यासाठी थांबतील अशी खात्री असलेल्या माणसाचा आवाज होता तो. मग वल्ह्याच्या आवाजात तो ऐकू येईनासा झाला, किंवा सरोजिनीबाईंनी तो ऐकायचा सोडून दिला.

काठ येईपर्यंत त्यांनी शेजारच्या माणसाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. त्याच्या तोंडाकडे मात्र घरी पोचल्यावरच बघायचं, असं त्यांनी ठरवलं.